उशाशीं आलेला आवाज

निद्रा ही जशी शरीराची गरज आहे तशीच ती विश्वासाची कृति आहे. डोळे मिटणारा मनुष्य कांहीं तास स्वतःला जगाच्या हवालीं करीत असतो. आणि कोणी तरी जवळ आहे, जागें आहे, एवढी खात्री पटल्याखेरीज तें धाडस त्याच्यानें सहजीं होत नाहीं. अंगाईचें सारें रहस्य ह्यांतच आहे. अंगाईचे शब्द तान्ह्या मुलाला कळत नाहींत. चांदोबा, पाळण्याची दोरी, काऊचिऊ ह्यांच्याशीं त्याला कांहींएक कर्तव्य नसतें. आई जवळ आहे, एवढीच एक बातमी त्या सुरांतून त्याला मिळते व ती त्याला पुरते. पुढें मूल वाढतें, पाळणा माळ्यावर जातो, आणि मनुष्य एकट्यानें झोंपावयास शिकतो. शिकतो खरा, पण शिकलेली प्रत्येक गोष्ट आवडतेच असें नाहीं.

ह्या न आवडलेल्या एकटेपणावर उतारा म्हणून ध्वनिमुद्रणाचा एक निराळाच प्रकार गेल्या कांहीं वर्षांत जगभर पसरला आहे. त्यांत एक तरुण स्त्री श्रोत्याशीं त्याच्या प्रेयसीच्या नात्यानें बोलते. तिचें खरें नांव बहुधा ठाऊक नसतें, चेहरा दिसत नाहीं. आज फार उशीर झाला, दमलेला दिसतोस, असें ती म्हणते. दिवस कसा गेला म्हणून विचारते, आणि विचारून क्षणभर थांबते. जणूं उत्तर ऐकलें अशा रीतीनें हुंकार देते. मागें पाऊस पडत असल्याचा ध्वनि असतो. कापडाची सळसळ होते, केसांतून बोटें फिरविल्याचा आवाज येतो. हळूहळू वाक्यें तोकडीं होत जातात, शब्द विरळ होतात, आणि अखेर नुसता संथ श्वास ऐकूं येत राहतो. तोंवर ऐकणारा बहुधा झोंपलेला असतो. स्त्रियांसाठीं पुरुषांच्या आवाजांत केलेलीं अशींच मुद्रणेंहि आहेत.

ह्या प्रकाराला हंसणें सोपें आहे व त्याची कींव करणें त्याहूनहि सोपें आहे. काळ किती विपरीत आला, प्रेमसुद्धां डबाबंद मिळूं लागलें, असा शेरा मारून मोकळें होतां येतें. परंतु ही गोष्ट दिसते तितकी नवी नाहीं. तिच्या मागें जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत युद्धें आहेत, व्यापार आहे, एक राजद्रोहाचा खटलाहि आहे. अशा आवाजाविषयीं बोलतांना लोक नेहमीं एकच प्रश्न विचारतात : ऐकणारा बिचारा फसला तर नाहीं ना? इतिहास मात्र दुसरा प्रश्न पुढें करतो. तो विचारतो, बोलणारीचें पुढें काय झालें?

आवाज दूर न्यावयाचा तर तो मोठा केला पाहिजे, हा मनुष्यजातीचा हजारों वर्षांचा अनुभव होता. कीर्तनकार, सेनापति, फेरीवाला, नाटकांतला नट, सारे ह्याच नियमानें बांधलेले. जो आवाज सभेला ऐकूं जाई तो कोणा एकाचा नसे. आणि जो एकाच्याच कानांत सांगावयाचा तो शेजारच्या खोलींतहि पोंचत नसे. कानगोष्टीला कानाशींच यावें लागे. हा नियम यंत्रानें मोडला, पण एकदम मोडला नाहीं. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर ह्या शिल्पज्ञानें नाट्यगृहांतील संगीत तारांवरून प्रेक्षकांपर्यंत आणलें. प्रत्येकाच्या दोन्ही कानांना दोन निरनिराळे श्रवणयंत्र लावलेले असत, त्यामुळें गाणारा रंगमंचावर डावीकडे गेला कीं उजवीकडे हें डोळ्यांनीं न पाहतां कळत असे. परंतु प्रारंभींच्या ध्वनिमुद्रिकांना मात्र मोठ्या आवाजाचीच गरज होती. गाणाऱ्यानें कर्ण्यापुढें उभें राहून जोर लावून गावें, तेव्हां कोठें सुई हालावी. कुजबुज त्या तबकडीवर उमटणें शक्यच नव्हतें.

१९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि मायक्रोफोन हें नवें कान मनुष्याला मिळालें. ह्या कानाला ओरडण्याची आवश्यकता नव्हती. इतकेंच नव्हे तर ओरडणें त्याला सोसतच नसे. अमेरिकेंत व्हॉन डी लीथ ही गायिका १९२० पासूनच नभोवाणीवर गात होती. उंच स्वरांनीं यंत्रांतील नाजूक नलिका बिघडतात म्हणून तिनें आवाज खालीं आणून हलक्या स्वरांत गाण्याची रीत धरली, असें सांगतात. पुढें ह्याच रीतीनें गाणाऱ्यांची एक मोठी परंपरा तयार झाली. १९३० नंतर प्रचारांत आलेल्या फीतवजा मायक्रोफोनाचा आणखी एक गुण असा कीं, बोलणारा त्याच्या अगदीं जवळ आला म्हणजे आवाजांतील खर्जाचा भाग फुगतो व ऐकणाऱ्याला तो माणूस आपल्या कानाशीं ओठ आणून बोलत असल्याचा भास होतो. जवळीक ही आतां मनाची अवस्था राहिली नाहीं. ती कांहीं इंचांची बाब झाली.

ह्या जवळिकीचा पहिला थोर उपयोग एका राज्यकर्त्यानें केला. १२ मार्च १९३३ ह्या दिवशीं, अमेरिकेंतील बँका बंद पडून लोक भयभीत झाले असतां, अध्यक्ष रूझवेल्ट नभोवाणीवर साध्या भाषेंत, घरांत बसून बोलावें तसे बोलले; आणि बँका पुन्हां उघडल्यावर लोकांनीं काढून नेलेला पैसा परत आणून ठेवला. सभेला न जुमानणारें भय घरांत आलेल्या आवाजानें शमतें, हें त्या दिवशीं दिसून आलें. परंतु रूझवेल्ट बोलले तें कुटुंबाशीं. एकट्या माणसाशीं बोलण्याची कला जन्मास यावयाला महायुद्ध यावें लागलें. कारण लक्षावधि तरुण पुरुष एकाच वेळीं एकटे पडण्याचा प्रसंग युद्धाखेरीज येत नाहीं.

१९४१ च्या वसंतांत जर्मन सैन्यानें बेलग्रेड घेतलें व तेथील ध्वनिक्षेपण-केंद्रावरून आपल्या सैनिकांकरितां कार्यक्रम सुरू केले. लाले आंदेरसेन ह्या गायिकेनें १९३९ मध्यें मुद्रित केलेलें ‘लिली मार्लीन’ हें गाणें तेथून रोज रात्रीं ९ वाजून ५७ मिनिटांनीं लागूं लागलें. पहाऱ्यावर निघालेल्या शिपायाला दिव्याखालीं भेटणारी आपली प्रेयसी आठवते, एवढाच त्या गाण्याचा विषय. शब्द शिपायाचे, पण गळा स्त्रीचा. त्यामुळें आठवण काढणारा आणि जिची आठवण काढावयाची ती, दोघेंहि एकाच आवाजांत येऊन भेटलीं. आफ्रिकेच्या वाळवंटांत समोरासमोर ठाकलेल्या दोन्ही सैन्यांत तें गाणें ऐकलें जाई. ब्रिटिश आठव्या सेनेचे शिपाई शत्रूच्या केंद्राला कान लावून बसत. आणि त्या सेनेंत हिंदी पलटणीहि होत्या. जर्मन प्रचारमंत्री गोबेल्स ह्याला तें मुळींच रुचलें नाहीं. निजतेवेळीं घराची आठवण झालेला शिपाई सकाळीं लढेल कसा, ही त्याची विवंचना.

गंमत अशी कीं, इंग्लंडांतील कांहीं वरिष्ठ मंडळींनाहि हीच विवंचना लागली होती. ९ नोव्हेंबर १९४१ ला व्हेरा लिन ह्या चोवीस वर्षांच्या गायिकेचा रविवारचा कार्यक्रम बी. बी. सी. वरून सुरू झाला. त्याची घडण एखाद्या पत्रासारखी होती. ती गाई, मध्येंच दूरच्या सैनिकांना उद्देशून चार शब्द बोले, प्रसूतिगृहांत स्वतः जाऊन येई आणि अमुक शिपायाला मूल झालें, बाळबाळंतीण सुखरूप आहेत, ही बातमी समुद्रापार पोंचवी. अशा हळव्या गाण्यांनीं सैनिक मऊ पडतील अशी टीका झाली. तरीहि लोकप्रियता इतकी कीं टीकाकारांचें चालेना. १९४४ मध्यें ती स्वतः ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. तेथील चौदाव्या सेनेंत बहुसंख्य शिपाई हिंदी होते. ज्या आवाजानें मने दुबळीं होतील असें वाटलें होतें, तोच आवाज पुढें त्या युद्धाच्या धैर्याचें प्रतीक म्हणून ओळखला गेला. ती १८ जून २०२० रोजीं १०३ वर्षांची होऊन वारली. सांत्वन आणि शौर्य ह्यांचें वैर नाहीं, हें तिच्या कार्यक्रमानें दाखवून दिलें.

अमेरिकेनें हें काम अधिक पद्धतशीरपणें केलें. सैन्यासाठीं १९४२ मध्यें स्वतंत्र नभोवाणी-विभाग निघाला व त्याच्या तबकड्या जगांतील सर्व आघाड्यांवर धाडण्यांत येऊं लागल्या. त्यांतील ‘जी. आय. जिल’ ही निवेदिका म्हणजे मार्था विल्कर्सन ही स्त्री. तबकडी कोठें, किती वाजतां लागेल ह्याचा नेम नसल्यानें निरोप घेतांना ती कोणाला सुप्रभात, कोणाला शुभरात्र असें एका दमांत म्हणत असे. तिच्याकडे सैनिकांच्या पत्रांची रास पडे. शिपायाला ती शेजारच्या घरांतली ओळखीची मुलगी वाटे; बाकी ती होती लॉस एंजेलिसमधील एक नोकरी करणारी स्त्री.

येथपर्यंतची कथा गोड आहे. परंतु त्याच समुद्रावर दुसऱ्याहि बाजूनें एक आवाज येत होता, आणि त्या आवाजाची हकीकत समजल्यावांचून ह्या इतिहासाचें मर्म कळणार नाहीं.

पॅसिफिक महासागरांतील अमेरिकन सैनिक टोकियोहून इंग्रजींत बोलणाऱ्या स्त्रियांचे कार्यक्रम ऐकत. ह्या स्त्रिया अनेक होत्या. सैनिकांनीं मात्र त्या सर्वांची मिळून मनांत एकच मूर्ति घडविली आणि तिला ‘टोकियो रोझ’ असें नांव ठेवलें. ही रोझ मोहक, मधाळ आवाजाची, काळजाला घरें पाडणारी. ‘तुझी प्रेयसी तिकडे दुसऱ्याबरोबर हिंडत आहे’ असें ती सांगते, अशी वदंता पसरली. ह्या नांवाची कोणी स्त्री टोकियोहून बोलतच नव्हती. हें नांव केवळ सैनिकांनीं काढलेलें आहे, असें अमेरिकन सरकारच्या युद्ध-माहिती कचेरीनेंच ऑगस्ट १९४५ मध्यें जाहीर केलें होतें. पण निर्माण झालेल्या मूर्तीला देह हवा होता, आणि तो देह मिळाला.

ईव्हा तोगुरी ही ४ जुलै १९१६ रोजीं लॉस एंजेलिस येथें जन्मलेली जपानी वंशाची अमेरिकन मुलगी. १९४१ च्या उन्हाळ्यांत ती आजारी मावशीला भेटावयास जपानांत गेली व युद्ध सुरू झाल्यानें तेथेंच अडकली. अमेरिकन नागरिकत्व सोड म्हणून तिच्यावर दडपण आलें, पण तिनें तें सोडलें नाहीं. इकडे अमेरिकेंत तिचें सारें कुटुंब छावण्यांत कोंडलें गेलें होतें व १९४२ मध्यें तिची आई बंदिवासांतच मरण पावली. पोटासाठीं ईव्हा टोकियोच्या नभोवाणी-केंद्रांत टंकलेखनाचें काम करूं लागली. तेथें चार्ल्स कझिन्स हा युद्धकैदी ऑस्ट्रेलियन मेजर ‘झीरो अवर’ नांवाचा कार्यक्रम सक्तीनें लिहीत होता. त्या कार्यक्रमाची थट्टा व्हावी ह्या हेतूनें त्यानें जाणूनबुजून ईव्हाचा खरखरीत, रांगडा आवाज निवडला. ‘ऑर्फन ॲन’, म्हणजे पोरकी ॲन, ह्या नांवानें ती तबकड्या लावी व मधून मधून थट्टेचे चार शब्द बोले. स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतींतून ती कैद्यांना अन्न व औषधें चोरून नेऊन देत असे.

युद्ध संपलें तेव्हां दोन पत्रकारांनीं मोठ्या रकमेचें आमिष दाखविलें, आणि त्या आशेनें तिनें आपणच ‘टोकियो रोझ’ असल्याच्या कागदावर सही केली. रक्कम मिळाली नाहीं. सही मात्र राहिली. १९४९ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें तिच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. आठ आरोपांपैकीं सात टिकले नाहींत. एकावर ती दोषी ठरली. दहा वर्षें कैद, दहा हजार डॉलर दंड आणि नागरिकत्वाचा लोप, अशी शिक्षा झाली. सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत काढून १९५६ च्या जानेवारींत ती सुटली. पुढें वीस वर्षांनीं मुख्य साक्षीदारांनीं कबूल केलें कीं आमच्या साक्षी पढविलेल्या होत्या. १९ जानेवारी १९७७ ला अध्यक्ष फोर्ड ह्यांनीं तिला बिनशर्त क्षमा केली. मध्यंतरीं तिचा संसार मोडला होता. खटल्यानंतर पतिपत्नींना पुन्हां एकत्र राहतां आलेंच नाहीं. शिपायांचे संसार मोडणारी म्हणून जिला दोष दिला तिचा स्वतःचा संसार असा गेला. २००६ मध्यें शिकागो येथें ती वारली.

ह्या कथेंत मधाळ आवाज कोणाचाच नव्हता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. तो ऐकणाऱ्यांच्या एकांतानें निर्माण केला होता. रात्रीच्या अंधारांत, घरापासून हजारों मैलांवर पडलेल्या माणसाला स्त्रीच्या आवाजाचा एक धागा मिळाला कीं उरलेलें सारें वस्त्र तो स्वतःच विणतो. चेहरा नसणें हें अशा आवाजाचें वैगुण्य नव्हे, तीच त्याची शक्ति आहे. पण त्या वस्त्राखालीं कोणी खरी बाई उभी असते, आणि वस्त्राचा हिशेब तिच्याकडे मागितला जातो.

ईव्हावर खटला चालू होता त्याच सुमारास अमेरिकेंत दुसरी एक स्त्री हीच कला उघडपणें व राजरोस करीत होती. जीन किंग ही नटी १९४७ मध्यें ओहायो राज्यांतील डेटन शहरीं एका लहानशा केंद्रावर रात्रीं उशिरां बोलूं लागली. ती आपलें नांव सांगत नसे. ‘लोन्सम गॅल’, एकाकी मुलगी, एवढीच तिची ओळख. आरंभीं ‘टँगो ऑफ रोझेस’ ह्या धूनेचे सूर येत, आणि मग पाऊण-एक फुटावरून बोलावें तसा तिचा मंद स्वर. ती ‘सभ्य श्रोतेहो’ असें कधीं म्हणाली नाहीं. ती नेहमीं एकट्यालाच संबोधी, लाडक्या म्हणे, तूं आलास बरें झालें म्हणे. मध्येंच पाइपच्या तंबाखूची जाहिरातहि त्याच प्रेमळ सुरांत होऊन जाई. पुढें ती हॉलिवुडला गेली व शहराशहरांसाठीं वेगळ्या तबकड्या भरूं लागली. त्या त्या गांवचे रस्ते आणि ठिकाणें हीं नांवनिशीवार घेतल्यामुळें प्रत्येक गांवच्या श्रोत्याला ती आपल्याच गांवांत, बहुधा पलीकडल्याच आळींत राहत असावी असें वाटे. लोकांसमोर येण्याचा प्रसंग आला तर ती मुखवटा घालून येई. ती एका नभोवाणी-निर्मात्याची पत्नी होती ही गोष्ट अर्थातच मुखवट्याआड राही.

तिला लग्नाची मागणी घालणारीं पत्रें हजारोंनीं आलीं. हा चमत्कार अभ्यासाच्या कक्षेंत आणला तो डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल ह्या दोन विद्वानांनीं. १९५६ मध्यें ‘सायकिअ‍ॅट्री’ ह्या नियतकालिकांत त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील व्यक्तींशीं प्रेक्षकांचें जें एकतर्फी सख्य जडतें त्याला त्यांनीं ‘पॅरा-सोशल’ असें नांव दिलें. मराठींत त्याला सहवासाची सांवली म्हणतां येईल. ‘लोन्सम गॅल’ हें त्यांच्या निबंधांतील एक ठळक उदाहरण आहे. तिचा कार्यक्रम नव्वद शहरांत ऐकला जाई असें ते नमूद करतात. त्यांचा निष्कर्ष समतोल होता. बहुतेक माणसांच्या आयुष्यांत ही सांवली खऱ्या सहवासाला पूरक म्हणून असते व तींत अनैसर्गिक असें कांहीं नाहीं. सांवली हाच सर्व सहवास होऊन बसला तरच तो दुखण्याचा विषय.

त्या काळच्या व्यापाऱ्यांनीं मात्र निबंधाची वाट पाहिली नाहीं. स्त्रियांसाठीं रेन्झो चेझाना हा नट ‘द कॉन्टिनेन्टल’ ह्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत कॅमेऱ्यालाच पाहुणी समजून मृदु भाषण करी. १९५५ मध्यें न्यूयॉर्कला नॅन्सी बर्ग ही तरुणी मध्यरात्रीनंतर एक वाजतां पडद्यावर येऊन जांभया देत अंथरुणांत शिरे व मेंढ्या मोजूं लागे. घरच्याला झोंपवावयाला सारें घर निजल्यावर कोणी परकी स्त्री यावी, हा प्रकार आजच्या मुद्रणांच्या कितीसा दूर होता?

हिंदुस्थानांत ह्या कलेनें निराळें वळण घेतलें. आकाशवाणीची ‘विविध भारती’ ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सुरू झाली. तिच्यावरील सैनिकांसाठींचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम अनेक मराठी घरांतहि नित्य ऐकला गेला. तेथें निवेदिका सीमेवरच्या शिपायाला हांक मारी ती ‘फौजी भाइयों’ अशी. एकांत तोच, अंतर तेंच, गाणीं बहुधा प्रेमाचींच. पण गाण्यांतल्या प्रेयसीचें आणि बोलणाऱ्या स्त्रीचें नातें तेथें वेगळें ठेवलें गेलें. आपल्या समाजांत परक्या पुरुषाशीं मायेनें बोलावयाचें तर स्त्रीला आधीं बहीण व्हावें लागे. ह्यांत संकोच होता हें खरें. त्याचबरोबर बोलणारीला एक आडोसाहि होता. अमेरिकन निवेदिकेनें मुखवटा घातला. हिंदी निवेदिकेनें नात्याचा पदर घेतला. हेतु एकच, आवाज द्यावा पण स्वतःला देऊं नये.

पुढचीं पाउलें यंत्रांनींच टाकलीं. १९७३ मध्यें बर्लिनच्या नॉयमान कंपनीनें माणसाच्या मस्तकाच्या आकाराचा मायक्रोफोन विक्रीस आणला. त्याच्या दोन्ही कानांत एकेक श्रवणयंत्र असल्यानें, डाव्या कानाशीं कुजबुजलेलें ऐकणाऱ्याच्याहि डाव्याच कानाशीं येतें. आदेरच्या प्रदर्शनांतील चमत्कार नव्वद वर्षांनीं पूर्णत्वास गेला तो असा. १९७९ मध्यें खिशांतील फीतयंत्र, वॉकमन, निघालें व ऐकणें ही दिवाणखान्यांतील गोष्ट न राहतां अगदीं खाजगी झाली. जपानांत ह्या दोहोंचा मेळ घालून नामवंत ध्वनिनटांनीं श्रोत्रीशींच संवाद केल्याच्या तबकड्या निघाल्या. ‘हित्सुजी दे ओयासुमी’ ह्या मालिकेंत तर ते नट श्रोत्रीला झोंप येईपर्यंत मेंढ्याच मोजतात. न्यूयॉर्कच्या जुन्या मेंढ्या अशा टोकियोच्या कुरणांत पुन्हां दिसल्या.

कुजबुजीनें, हलक्या स्पर्शध्वनींनीं कांहीं लोकांच्या डोक्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत सुखद झिणझिण्या उतरतात. ह्या अनुभवाला २०१० मध्यें जेनिफर ॲलन ह्या अमेरिकन स्त्रीनें ए. एस. एम. आर. असें नांव दिलें, आणि विखुरलेल्या श्रोत्यांना आपण एकटे नसल्याचें प्रथमच कळलें. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या दोन संशोधकांनीं २०१५ मध्यें अशा ४७५ माणसांना प्रश्न विचारले. शेंकडा ९८ जण विश्रांतीसाठीं व ८२ जण झोंपेसाठीं हे ध्वनि ऐकत. कामुक हेतूनें ऐकणारे शेंकडा ५ च्या आसपास होते. झिणझिण्या कशानें येतात असें विचारतां कुजबुजीच्या खालोखाल लोकांनीं जें कारण सांगितलें तें ‘कोणी तरी आपल्याकडे जातीनें लक्ष देत आहे’ हें होतें. २०१८ मध्यें शेफील्ड येथील प्रयोगांत असें आढळलें कीं, हा अनुभव येणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके तीं दृश्यें पाहतांना मिनिटाला सरासरी तिनांनीं कमी होतात. हृदयाला नाटक कळत नाहीं. माया खरी कीं खोटी ह्याची चौकशी न करतां तें आपला वेग कमी करतें.

तेव्हां मिळणारें सांत्वन खरें आहे, ह्याविषयीं वाद घालण्याचें कारण नाहीं. ऐकणारा फसतो असेंहि म्हणवत नाहीं. कादंबरी वाचून रडणारा जितका फसलेला असतो तितकाच हा. आपण मुद्रण ऐकतों आहों हें त्याला पक्कें ठाऊक असतें. अन्न, औषध, वस्त्र हीं परक्यांकडून विकत घेण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. मग परगांवीं नोकरीला राहिलेल्या, विधुर झालेल्या, आजारानें खिळलेल्या माणसानें रात्रीपुरता एक मायेचा शब्द उसना घेतला तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? एकाकीपण ही आतां राष्ट्रांची काळजी झाली आहे. त्यासाठीं ब्रिटननें २०१८ मध्यें व जपाननें २०२१ मध्यें मंत्री नेमले. जी व्यथा मंत्रिमंडळांत पोंचली ती उशाशीं असणारच.

प्रश्न उरतो तो बोलणारीचा. आजहि ह्या मुद्रणांतील स्त्रिया बहुतेक टोपणनांवानेंच बोलतात, आणि तें शहाणपणाचें आहे. जीन किंगच्या मुखवट्याला आणि ईव्हा तोगुरीच्या तुरुंगाला एकच धडा सांगावयाचा आहे : श्रोता जी मूर्ति मनांत घडवितो तिचें मोल चांगलें आलें तर बोलणारीला लग्नाच्या मागण्या येतात, वाईट आलें तर आरोपपत्र येतें, पण दोन्ही वेळीं तीं येतात तीं दुसऱ्याच कोणाच्या नांवाचीं. तिनें दिलें तें काम होतें, कसब होतें, रात्रीची मजुरी होती. त्या मजुरीचा मान राखणें आणि मूर्तीचा हट्ट बाईकडे न धरणें, एवढी रीत श्रोत्यानें पाळली तर हा व्यवहार दोघांनाहि सुखाचा होतो.

अलीकडे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. आतां यंत्रच माणसासारखें बोलूं लागलें असून तें उत्तरादाखल थांबतें तें नाटक म्हणून नव्हे; तें खरोखरच ऐकतें व जबाब देतें. २०१३ च्या ‘हर’ ह्या चित्रपटांत स्कार्लेट जोहान्सन ह्या नटीनें अशाच एका यंत्र-प्रेयसीला आवाज दिला होता. मे २०२४ मध्यें एका अमेरिकन कंपनीच्या बोलक्या यंत्राचा स्त्री-आवाज आपल्या आवाजासारखा असल्याची हरकत तिनें घेतली. आवाज दुसऱ्याच नटीचा आहे असें कंपनीचें म्हणणें होतें, तरी तो मागें घेण्यांत आला. ज्या मूर्तीला १९४९ मध्यें देह शोधून चिकटविण्यांत आला, तीच मूर्ति आतां देहावांचून बाजारांत येऊं पाहत आहे. कोणा ईव्हाला तुरुंगांत जावें लागणार नाहीं, हा त्यांतला लाभ. पण मुद्रण कितीहि जुनें असलें तरी त्यांत एके रात्रीं एक जिवंत माणूस दुसऱ्या एकाकी जिवासाठीं जागत बसलेलें होतें, आणि थकल्यावर तेंहि दिवा मालवून झोंपलें होतें. यंत्र थकत नाहीं आणि निजतहि नाहीं. म्हणून तें कोणासाठीं जागें राहिलें असें म्हणतां येत नाहीं. हा भेद कानाला न कळला तरी मनानें तो विसरूं नये.